बिनआवाजाचं वर्कशॉप

मोनिकामॅडमनी माझं मनगट धरलं तेव्हा माझे डोळे मिटलेले होते आणि उजवा कान स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीला टेकलेला होता. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, ओरडण्याची मला सवय आहे. त्यांनी नुसतं मनगट धरलं, घट्ट, आणि अगदी हळू म्हणाल्या, "सर, हात मागे घ्या. सावकाश." मी डोळे उघडले. समोर मालवाहू इलेक्ट्रिक रिक्षा, तिचं मागचं झाकण काढून ठेवलेलं, आत मोटार, आणि माझ्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या मोटारीवर. नारिंगी केबलची उघडी टोकं त्याच्या दांडीपासून बोटभर लांब. हात जरा सरकला असता तर ती दोन्ही टोकं माझ्या दांडीनंच जोडली गेली असती आणि थेट तोंडावर भडका उडाला असता. सकाळीच मॅडमनी बजावलं होतं, की पुरवठा चालू असताना धातूचं काही हातात घेऊन जमिनीवरच्या पिवळ्या रेषेच्या आत यायचं नाही. आणि तेव्हा सगळ्यात जोरात मान मीच हलवली होती. आजूबाजूला प्रशिक्षणाला आलेले सगळे माझ्यासारखेच, आयटीआयत डिझेल मेकॅनिक शिकवणारे निदेशक, निम्मे टकलावर आलेले, निम्मे गुडघ्यावर हात ठेवून उठणारे. एरवी एवढ्याशा कारणावरून खिंकाळणारी माणसं, पण कुणी हसलं नाही. तेच जास्त लागलं. मी स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकला आणि मागं जाऊन खांबाला टेकून उभा राहिलो, उशिरा आलेल्या पोराला मी जिथं उभं करतो तसा.

मी तिथं कान का लावला, हे मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर सांगताही आलं नसतं. रिक्षा चालू आहे असं मॅडम म्हणाल्या. चालू आहे म्हणजे काय, तर समोरच्या मीटरच्या काचेवर हिरवा दिवा. थरथर नाही, धूर नाही, वास नाही. आता ज्या माणसानं सगळं आयुष्य इंजिनाच्या आवाजावर काढलं त्याला कुणी सांगितलं की हे चालू आहे, तर तो काय करणार? तो ऐकायला जाणार. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर ठेवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, की आतलं सगळं उघडं पडतं. टॅपेट वाजतंय, बेअरिंग गेलंय, तिसरं नोझल खोकतंय. पहिल्या वर्षाच्या पोरांना हे दाखवलं की त्यांचे चेहरे बघावेत. माझा हात त्या दिवशी मला न विचारताच पिशवीत गेला. कानाला मूठ लागली आणि खरं सांगतो, आत काही म्हणजे काहीच नव्हतं. नुसती शांतता. विहिरीत दगड टाकावा आणि तो पडल्याचा आवाजच येऊ नये तसं झालं. मनगट धरलं जाण्याआधीच मी घाबरलेला होतो, हे मॅडमना माहीत नाही.

ऐकायला मला माझ्या बापानं शिकवलं. खर्ड्याला, आमच्या गावी, विहिरीवर डिझेल इंजिन होतं. आमचे दादा, रंगनाथ ढगे, दुपारी घरात घोंगडीवर आडवे असायचे, छातीवर हात, घोरत असायचे म्हटलं तरी चालेल, आणि मधेच डोळे न उघडता म्हणायचे, "गहिन्या, आवाज बदलला बघ. पानी सोडलंय त्यानं. जा पळ." मी पळायचो. किल्ल्याच्या अंगाला आमची वस्ती, तिथून विहीर चांगली लांब. जाऊन बघावं तर खरोखरच पंपानं पाणी सोडलेलं असायचं. मला ते जादूसारखं वाटायचं. एकदा मी आईला विचारलं, की दादांना झोपेत कसं ऐकू येतं. बनुबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "त्येंला फकस्त इंजिनच ऐकू येतं. म्या दोन येळा हाक मारली तर न्हाई येत." आमच्या घराण्यात हे असंच चालत आलेलं आहे. आयटीआयला नंबर लागला तेव्हा दादांनी एवढंच विचारलं, की तिथं इंजिन खरं असतं का चित्रातलं. खरं असतं म्हटल्यावर म्हणाले, "मंग जा." पुढं मी तिथलाच निदेशक झालो. दादा एकदा माझं वर्कशॉप बघायला आले होते. चालू ठेवलेल्या सहा इंजिनांमधून फिरले, एकाशी थांबले, म्हणाले, "हे आजारी हाय." होतं आजारी. मीच बिघडवून ठेवलं होतं, पोरांच्या परीक्षेसाठी.

खांबाला टेकल्या टेकल्या हे सगळं डोक्यातून गेलं, आणि त्यापाठोपाठ तो शब्द आला, अतिरिक्त. आमच्या खात्यात या शब्दाला शिवीपेक्षा जास्त भितात. यंदापासून आमच्या संस्थेत डिझेलला नवे प्रवेश नाहीत. त्या जागी इलेक्ट्रिक वाहनांचा ट्रेड. वरून आदेश आला, की जुन्या निदेशकांनी नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या या कंपनीच्या केंद्रात प्रशिक्षण घ्यावं आणि शेवटच्या दिवशी एक पाठ घेऊन दाखवावा. जमलं तर नवा ट्रेड तुमचा. नाही जमलं तर तुम्ही अतिरिक्त, मग राज्यात जिथं डिझेल अजून शिल्लक आहे आणि जागा रिकामी आहे तिथं समायोजन. चंद्रपूर म्हणा, गडचिरोली म्हणा. मला चंद्रपूरचं वावडं नाही, तिथंही इंजिनं तशीच वाजत असतील. पण विजयमाला इथं आहे. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या लग्नाची बहुतेक वर्षं ती अकोले तालुक्यात डोंगराच्या कडेला आणि मी जिल्ह्याच्या या टोकाला, अशी गेली. एकच जिल्हा, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत एसटीनं दिवस जातो. शनिवारी संध्याकाळी भेट, रविवारी दुपारी पिशव्या भरा. मुलगी तिच्याकडे वाढली, मी पाहुण्यासारखा खाऊ घेऊन जायचो. पती-पत्नी एकत्रीकरणात तिची बदली होऊन आम्ही नगरमध्ये सावेडीत एका छपराखाली आलो त्याला आत्ता कुठं दोन वर्षं होतायत. मुलगी तोवर पुण्याला निघून गेली, पण चहा तरी दोघं मिळून पितो. संध्याकाळी गॅलरीत दोन खुर्च्या. या वयात मला दुसरं काही नको आहे. आणि तो चहा आता माझ्या एका पाठावर येऊन ठेपला होता, आणि मी पहिल्याच आठवड्यात मोटारीला कान लावून बसलो होतो.

चहाच्या सुट्टीत विल्सन आला. विल्सन साळवे, दुसऱ्या तालुक्यातला, पण ट्रेड तोच आणि आम्ही एकाच साली लागलेले. चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गातो, त्यामुळं त्याचं बोलणंही घोटून आल्यासारखं असतं. एमआयडीसीच्या त्या टपरीवर त्यानं माझ्या हातात कप दिला आणि म्हणाला, "ढगे, मोटारीला तपासलंस ते ठीक. पण जीभ दाखव म्हणायचं राहिलं." मग मात्र मी हसलो. म्हटलं, "विल्सन, मला भीती वाटती रे. हे आपल्याला जमायचं नाही." तो म्हणाला, "मलापण वाटती. पण तू जरा हळू सांग, त्या पलीकडच्या टेम्पोवाल्याला कळलं तुला भीती वाटती ते." टेम्पोवाला खरोखरच वळून बघत होता. मी आवाज खाली आणला, म्हणजे मला वाटलं आणला. विल्सन कपाळाला हात लावून म्हणाला, "हे तुझं हळू?"

आता या आवाजाचंही सांगतो. आमच्या ट्रेडमध्ये सगळेच मोठ्यानं बोलतात. दोन इंजिनं चालू असताना पोरांना टॅपेटचं अंतर समजावून सांगायचं म्हणजे नरडं फोडावंच लागतं. मला नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं तेव्हा मी विजयमालाला बघायला गेलो. पोहे झाले. तिचे मामा म्हणाले, मुलीला काही विचारा. मी विचारलं, "कोणता विषय आवडतो?" एवढंच. पण तिच्या आजोळची एक म्हातारी आतून लगबगीनं बाहेर आली, म्हणाली, "काय झालं, कशापायी भांडताय?" विजयमाला मान खाली घालून हसत होती. तिनं होकार दिला तो त्या हसण्यामुळंच, असं ती सांगते. पण पुढं तिला त्याचा त्रासही झाला असणार. मी रविवारी जायचो तेव्हा मुलगी माझ्या आवाजानं दचकून रडायची. विजयमाला म्हणायची, "अहो, घरात इंजिन नाही. घरात तरी हळू बोला." मी म्हणायचो, बरं. ते बरंसुद्धा शेजारी ऐकू जायचं. मला वाटायचं, की हा माझा स्वभाव आहे, जसं कुणाचं नाक लांब असतं. आवाज हा कामाचा चिकटलेला थर असेल, तेलासारखा, हे कधी मनात आलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात गंमत व्हायला लागली. म्हणजे शिकायला मजा यायला लागली, सरळ सांगतो. मी इतकी वर्षं फळ्याच्या या बाजूला होतो, त्या बाजूचं सुख विसरूनच गेलो होतो. कुणीतरी सांगतंय, आपण ऐकतोय. चुकलं तर चुकलं, दुरुस्त करणारं माणूस समोर उभं आहे. मोनिकामॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण शिकवण्यात उगाच गोडपणा नाही, उगाच घाई नाही. मी मीटरची तार चुकीच्या जागी लावली की त्या म्हणायच्या, "सर, परत," आणि मी परत लावायचो. परत म्हणायला त्यांना कंटाळा नव्हता. मी पोरांवर किती खेकसतो ते मला आठवायचं आणि मी मनात म्हणायचो, ढग्या, बघून घे. सुटल्यावर बसच्या पाटीवर अहिल्यानगर वाचत चढायचं, कंडक्टर नगर नगर म्हणून ओरडत असायचा, आणि मी खिडकीपाशी बसून कंट्रोलर, कॉन्टॅक्टर, इन्सुलेशन असं घोकत यायचो. संध्याकाळी गॅलरीत विजयमाला माझी उजळणी घ्यायची. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी अडखळलो की मास्तरीणबाई बरोबर ओळखायची. म्हणायची, "हे पाठ केलंय. कळलेलं नाही." मग मी तिला कळेपर्यंत सांगायचो, आणि तिला सांगता सांगता मला कळायचं. अतिरिक्त हा शब्द तिनं एकदाही तोंडातून काढला नाही. फक्त एका संध्याकाळी कप उचलताना म्हणाली, "चंद्रपूरला चहा चांगला मिळतो का हो?" मी म्हटलं, माहीत नाही. ती आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी दोनच होती.

एक गोष्ट मात्र जमत नव्हती. मॅडम किल्ली फिरवायच्या, काचेवर हिरवा दिवा लागायचा, सगळे पुढच्या कामाला लागायचे, आणि माझं मन मागं रेंगाळायचं. माझा विश्वासच बसायचा नाही की ते चालू आहे. शेवटी मी एकदा मधल्या सुट्टीत मॅडमना गाठून विचारलं, "मॅडम, दिवा सोडला तर काहीच खूण नाही का?" त्या म्हणाल्या, "आहे की सर. पहिल्या दिवशी सांगितलं होतं. किल्ली फिरवल्यावर आत कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा मोठा स्विच, बसतो, त्याचा टक् असा आवाज येतो. तो आला की समजायचं, आता आत वीज आहे, हात लावायचा नाही." मी म्हटलं, "मला नाही आला कधी." त्यांनी किल्ली फिरवली. मला नाही आला. परत फिरवली. नाही आला. मला वाटलं कानच गेले. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही ऐकताना हुंकार देताय." मी हं, हं करत होतो. इंजिनाजवळ उभं राहून मी कायमच असा गुणगुणतो, त्याच्या सुरात सूर मिळवत असतो म्हणा. इंजिनाच्या धडधडीत ते कुणाला, मलासुद्धा, कधी कळलं नव्हतं. मी ओठ मिटले, श्वासही धरला. त्यांनी किल्ली फिरवली. टक्. एवढासा. बाभळीची शेंग दगडावर पडावी एवढा. पण चांगला खणखणीत, निरोगी आवाज होता. मी एवढा खूश झालो, की मॅडमना म्हटलं, अजून एकदा. त्यांनी हसून अजून एकदा फिरवली.

शेवटच्या दिवशी पाठ. मोनिकामॅडम आणि विभागीय कार्यालयातले एक साहेब खुर्च्यांवर, बाकी आम्ही सगळे आळीपाळीनं विद्यार्थी. विल्सनचा पाठ माझ्या आधी झाला, संथ, गाणं म्हटल्यासारखा. मग मी. रिक्षाशेजारी उभा राहिलो, सदऱ्याला हात पुसले आणि सुरुवात केली, "नमस्कार, आज आपण." वरच्या पत्र्याखालचं कबुतर फडफडून उडालं. साहेबांनी खुर्ची चक्क मागं सरकवली. पुढच्या रांगेतल्या एकानं कानावर हात नेला आणि शरमून खाली घेतला. मी थांबलो. माझाच आवाज भिंतीवर आपटून माझ्याकडे परत आला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो मला ऐकू आला. केवढा मोठा आवाज. कुणाशी भांडतोय मी? इथं आहे कुठलं इंजिन, ज्याच्या वर आवाज चढवायचा? रिक्षा शेजारी गप उभी होती. शेड गप होती. त्या आवाजाशिवाय मी कधी शिकवलेलंच नव्हतं. तो काढून घेतला तर खाली काय उरतं, मास्तर उरतो का, हेही मला माहीत नव्हतं. आणि त्या क्षणी, का कोण जाणे, गॅलरीतली दुसरी खुर्ची डोळ्यांसमोर आली. मी विचार केला, तिला सांगतो तसं सांगावं. कळेपर्यंत.

मी पिशवीतून तो स्क्रू ड्रायव्हर काढला, पिवळ्या रेषेच्या बाहेर टेबलावर ठेवला आणि साध्या आवाजात म्हणालो, "हे माझं हत्यार. पहिल्या आठवड्यात मी ते घेऊन आत गेलो होतो, तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. मॅडमनी धरलं म्हणून हा चेहरा अजून चेहरा आहे. आपली पोरं डिझेलवाल्यांच्या गॅरेजात वाढलेली आहेत, त्यांचा हातही तिथंच जाणार. म्हणून पहिला धडा वीज नाही, बॅटरी नाही. पहिला धडा, हात रिकामे करा आणि तोंड बंद." मग मी सगळ्यांना अगदी गप बसवलं. साहेबांनाही. किल्ली फिरवली. टक्. मागच्या रांगेतल्या एका टकल्याचे डोळे मोठे झाले. दोन आठवडे तिथं बसून त्यानंही तो ऐकला नव्हता. मी म्हटलं, "आता हे जागं आहे. दिसत नाही, पण जागं आहे. इथून पुढं रबरी हातमोजे." बाकीचा पाठ सरळ झाला. मधे एकदा मी वरच्या आवाजात चढलो, पण विल्सननं मागून तळहात खाली केला, गाणाऱ्यांना करतात तसा, आणि मी उतरलो. शेवटी मॅडमनी इन्सुलेशनचा एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर अर्धं चुकलं. त्यांनी दुरुस्त केलं, मी म्हटलं, "परत," आणि परत सांगितलं, या वेळी बरोबर. साहेब उठताना म्हणाले, "ठीक आहे ढगे. नव्या ट्रेडला तुमचंच नाव पाठवतो. फक्त ते कबुतर परत येऊ द्या." त्यांच्या तोंडून विनोद येईल असं कुणाला वाटलं नव्हतं, त्यामुळं हसायला सगळ्यांना जरा उशीर झाला.

घरी आलो तेव्हा उन्हं गॅलरीतून निघून गेली नव्हती. विजयमाला ओट्यापाशी पाठमोरी, पातेल्यात चहाचं पाणी ठेवलेलं. मी चप्पल काढली, पिशवी खुंटीला अडकवली आणि दारातूनच म्हणालो, "झाला पाठ." तिनं ऐकलं आणि तिचा हात थांबला. ती वळली नाही. मग हळूच गॅस बारीक केला आणि भिंतीकडे बघतच म्हणाली, "कुठं दिलं?" मला कळेना, हिला कुणी काय सांगितलं. ती वळली तेव्हा चेहरा पांढराफटक. "चंद्रपूर का?" तिनं विचारलं. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. मी हळू बोललो होतो. इतक्या वर्षांत मी हिच्याशी हळू बोललो तो फक्त दादा गेल्याचं सांगताना. मी पुढं गेलो आणि तसाच, त्याच आवाजात, म्हणालो, "नाही गं. इथंच. नवा ट्रेड मला दिला. इथंच आहे मी." ती माझ्याकडे बघत राहिली, शाळेत खोटं बोलणाऱ्या पोराकडे बघते तशी, अगदी निरखून. मग ओट्याला टेकली. पदराच्या टोकानं एक डोळा टिपला, दुसरा तसाच ठेवला, आणि रागावून म्हणाली, "मग हे असलं असं पुटपुटतात का? आज तरी ओरडून सांगायचं. सगळ्या गल्लीला कळू द्यायचं." तिचं बरोबर होतं. मी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. पाणी उकळायला लागलं होतं, त्याची बारीक रटरट तेवढी येत होती. तिनं चहाची पूड टाकली, झाकण ठेवलं आणि म्हणाली, "राहू द्या. ऐकू आलं."